हिंडलग्याला जाऊन आलेला माणूस लॉजमध्ये चालेल का?

बेळगावात ‘लॉज’ म्हटलं की आधी आठवतात ती बसस्टँडच्या आसपासची, दिवसाच्या भाड्यानं खोली देणारी. त्यामुळे माझा एक मित्र ऑफिसात येऊन खुर्चीत टेकता टेकता म्हणाला, ‘‘आमच्या लॉजमध्ये एकाला घ्यायचा विचार चाललाय, पण त्याच्यावर केस होती,’’ तेव्हा कोपऱ्यात टायपिंग करणाऱ्या पोरानं दचकून मान वर केली. गिऱ्हाइकाची केस बघून खोली देणारा लॉजवाला त्यानं कधी ऐकला नसावा.

मित्राचा लॉज वेगळा. तो फ्रीमेसन आहे, म्हणजे एका जुन्या बंधुसंघटनेचा सभासद, वीसेक वर्षं झाली. मी नाही. मी चन्नम्मा चौकाजवळच्या कोर्टात फौजदारी वकिली करतो. मेसन मंडळींविषयी मला जे माहीत आहे ते त्याच्याकडून ऐकलेलं आणि थोडंफार वाचलेलं. त्या दिवशी त्याच्या हातात एक छापील अर्ज होता. अर्जदाराची सही झालेली, नाव सुचवणाऱ्याच्या सहीची जागा मोकळी. ‘‘सही करू की नको, तेवढं सांग की,’’ तो म्हणाला.

तेवढं सांगायला तीन संध्याकाळी गेल्या. त्या तीन संध्याकाळींत जे उलगडलं ते इथं मांडतोय. माणसाची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील इकडचे तिकडे केले आहेत.

लॉज म्हणजे काय, ते थोडक्यात

फ्रीमेसनरीचं मूळ युरोपातल्या पाथरवट-गवंड्यांच्या संघांत शोधतात. 24 जून 1717 रोजी लंडनमधल्या चार लॉजनी एकत्र येऊन पहिलं ग्रँड लॉज, म्हणजे लॉजच्या वरची संस्था, काढलं. तोवर त्यांत दगडाला कधी हात न लावलेले लोकच जास्त झाले होते, पण हत्यारं मात्र गवंड्याचीच राहिली: गुण्या, कंपास, ओळंबा, थापी. आपला गवंडी ओळंबा सोडून भिंत बघतो, मेसन म्हणतात की तोच ओळंबा स्वतःच्या वागण्याला लावा. लॉज म्हणजे इमारत नव्हे, सभासदांची शाखा. भारतात ही संघटना कंपनी सरकारच्या नोकरदारांबरोबर आणि पलटणींबरोबर आली आणि छावण्यांच्या गावांत रुजली. 24 नोव्हेंबर 1961 पासून भारताचं स्वतंत्र ग्रँड लॉज आहे. सभासदाची देवावर श्रद्धा हवी, देव कुठल्या धर्माचा ते विचारत नाहीत. आणि लॉजच्या बैठकीत राजकारण आणि धर्म यांवर वाद घालायचा नाही. बेळगावात चार माणसं एका खोलीत बसतात आणि भाषेचा विषय निघत नाही, हे ऐकून मला त्या संघटनेविषयी पहिल्यांदा खरा आदर वाटला.

गुप्त खुणा, हस्तांदोलनं वगैरे गोष्टींत लोकांना फार रस असतो. मला नाही. मला रस होता तो माणूस निवडायच्या पद्धतीत.

‘चांगलं नाव’ कुणाच्या वहीतलं?

1723 साली जेम्स अँडरसन नावाच्या पाद्र्यानं मेसनांची घटना लिहून काढली. सभासद कसा असावा, याचं त्यात एक वाक्य आहे. त्याचा आशय असा: माणूस भला आणि सच्चा हवा, जन्मानं स्वतंत्र, समजत्या वयाचा, गुलाम नको, बाई नको, अनीतीचा किंवा बदनाम माणूस नको, चार लोक ज्याच्याविषयी चांगलं बोलतात असा हवा. (गुलाम आणि बाई यांना एका ओळीत बसवणारं ते शतक होतं. बायकांची वेगळी लॉज पुढं निघाली.)

यातली शेवटची अट मला महत्त्वाची वाटते. लंडनमध्ये आज आहेत तसे पोलीस 1829 साली आले. म्हणजे हे लिहिलं तेव्हा चारित्र्याचा दाखला देणारं ठाणं नव्हतं, की नाव टाकून खटले शोधायची वेबसाइट नव्हती. माणसाची एकच नोंद होती, ती शेजाऱ्यांच्या तोंडात. आज मात्र दोन नोंदी आहेत, एक पोलिसांच्या आणि कोर्टाच्या वहीतली, दुसरी गल्लीतली. बऱ्याच गावांत या दोन्ही साधारण जुळतात. आमच्या भागात जुळतीलच असं नाही.

हिंडलगा हे नाव घ्या. तिथं सेंट्रल जेल आहे, म्हणून ‘तो हिंडलग्याला जाऊन आलाय’ याचा अर्थ बेळगावात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आणि तिथंच 1986 च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांचं स्मारक आहे, जिथं दर 1 जूनला लोक फुलं घेऊन जातात. एकाच गावाचं नाव एका घरात खाली मान घालून घेतात, दुसऱ्या घरात ताठ मानेनं. कधी कधी ते घर एकच असतं.

सीमाभागातल्या मराठी घरांत ‘केस’ असणं ही काही अपूर्वाई नाही. 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची फेरी, एखादा फलक, एखादा रास्ता रोको. बेकायदा जमाव, दंगा, मनाई हुकूम मोडला, सरकारी नोकराच्या कामात अडथळा. फिर्यादीत दहा नावं आणि पुढं ‘व इतर’. त्या ‘इतर’मध्ये कोण सापडेल याचा नेम नाही, दूध आणायला निघालेलाही सापडतो. मग पाच-सात वर्षं तारखा, आणि शेवटी साक्षीदार फिरतात किंवा ओळख पटत नाही. अशा किती फायली माझ्या कपाटात आहेत ते मोजायचं मी सोडून दिलंय. त्यामुळे बाहेरचा कुणी ‘अर्जदारावर गुन्हा दाखल आहे’ एवढ्यावर कपाळाला आठ्या घालू लागला, तर मी आधी विचारतो, कुठला?

‘केस होती’ म्हणजे नक्की काय होतं

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण लोकांचा घोळ इथंच होतो.

पोलिसांत फिर्याद नोंदली गेली म्हणजे एफआयआर. तो आरोपाचा पहिला कागद, कुणी तरी काही तरी सांगितलं एवढंच त्यातून कळतं. तपास झाल्यावर पोलिसांना पुरावा वाटला तर ते आरोपपत्र घालतात. नाही वाटला, तर आपल्याकडं कर्नाटकात ‘बी रिपोर्ट’ जातो आणि कोर्टानं तो मान्य केला की प्रकरण तिथं थांबतं. पलीकडे महाराष्ट्रात, चंदगडला, यालाच ‘समरी’ म्हणतात, आणि तिथल्या ‘बी समरी’चा अर्थ तक्रार खोटी निघाली असा होतो. इकडच्या ‘बी’मध्ये पुरावा न मिळणंही येतं. शिनोळीत घर आणि बेळगावात धंदा असलेल्या माणसाचे कागद वाचताना ‘बी’ कुठल्या राज्यातला ते बघावं लागतं.

पुढं खटला चालून माणूस निर्दोष सुटू शकतो किंवा दोषी ठरतो. वरच्या कोर्टानं खटलाच रद्द केला असं होतं, त्यासाठी आमची माणसं धारवाडच्या खंडपीठाकडं जातात. तडजोडीनं मिटणारे गुन्हेही असतात. चेक वटला नाही म्हणून झालेली केस हे त्याचं नेहमीचं उदाहरण. तीही फौजदारीच, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण बेळगावच्या बाजारपेठेत ती न बघितलेला व्यापारी विरळा.

आणि एक ‘राउडी शीट’. हा शब्द ऐकला की पांढरपेशी माणसं दोन पावलं मागं सरतात. राउडी शीट म्हणजे पोलीस एखाद्यावर नजर ठेवण्यासाठी स्वतः उघडतात ते खातं. कोर्टानं दिलेला निकाल नव्हे. काही जणांवर ते योग्य कारणानं उघडलेलं असतं, काहींवर आंदोलनाच्या धामधुमीत. असेल तर कारण विचारावं. दाखला म्हणून ते पुरत नाही.

या पायऱ्या ओलांडून माणूस दोषी ठरला असेल, तर मग गुन्ह्याचा पोत बघायचा. चोर्ला घाटातून गोव्याच्या चार बाटल्या जास्त आणल्या म्हणून अबकारीची केस झालेला आणि म्हाताऱ्या विधवेच्या ठेवीवर हात मारलेला, कागदावर दोघेही ‘गुन्हा सिद्ध’ असतील. मटक्याची चिठ्ठी खिशात सापडलेला आणि बायकोला मारहाण करणारा, हेही तसंच. माझं मत विचाराल तर लॉजसारख्या संस्थेनं दोन गोष्टींना सगळ्यांत जास्त घाबरावं: विश्वासानं सोपवलेल्या पैशाचा अपहार आणि घरातल्या किंवा दुबळ्या माणसावर हात. पहिल्याला अशासाठी की लॉजकडं धर्मादाय निधी असतो आणि आज साधा सभासद असलेला माणूस उद्या खजिनदार होतो. दुसऱ्याला अशासाठी की सभासदांची बायकामुलं एकमेकांच्या घरी जातात. रस्त्यावरची जवानीतली मारामारी मी त्याखाली धरीन. मित्राला हा क्रम पटला नाही, तो म्हणाला रक्त सांडणं ते सांडणंच. तिथं आमचं जमलं नाही.

लहानपणी, म्हणजे अठराच्या आत, काही घडलं असेल तर ते उकरू नये. 2015 चा बालन्याय कायदा सांगतो की अशा मुलाला त्या प्रकरणामुळे पुढं अपात्र धरायचं नाही. अपवाद आहे तो सोळा पूर्ण झालेल्यांच्या अतिगंभीर गुन्ह्यांपुरता.

सही करणारा म्हणजे जामीनदार

लॉजमध्ये कुणी आपणहून आत शिरत नाही. माणसानं स्वतःच्या इच्छेनं विचारायचं असतं, आणि त्याला ओळखणारे दोन सभासद लागतात, एक नाव सुचवणारा आणि एक अनुमोदक. हे दोघं काय करतात ते मला मित्रानं बराच वेळ समजावलं आणि शेवटी मीच म्हटलं, ‘‘अरे, म्हणजे जामीनदार की!’’ पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेल्या कुणालाही हे पटेल. कर्ज दुसऱ्याचं, झोप आपली उडते.

चिठ्ठीवर माणूस आत घेण्याची रीत जुनी आहे. स्वामी विवेकानंद 1892 च्या ऑक्टोबरात बेळगावला आले तेव्हा त्यांना इथं कोण ओळखत होतं? कोल्हापूर संस्थानच्या खासगी कारभाऱ्यांची एक चिठ्ठी घेऊन ते भाटे वकिलांच्या दारात उभे राहिले. रिसालदार गल्लीतल्या त्या घरात तीन दिवस राहिले, पुढं जंगल खात्यातले हरिपद मित्र त्यांना आपल्याकडं घेऊन गेले. एका अनोळखी संन्याशाला घरात घेणाऱ्यांनी त्या चिठ्ठीवरच्या सहीला मान दिला. (योगायोगाची गोष्ट अशी की हेच विवेकानंद आठ वर्षं आधी, 1884 साली, कलकत्त्याच्या एका लॉजमध्ये मेसन झाले होते. मित्र ही गोष्ट दर महिन्याला एकदा तरी सांगतो.)

पण चिठ्ठी देणाऱ्यानं माणूस ओळखलेला असावा लागतो. ‘रोटरीत भेटलो होतो’ एवढी ओळख पुरत नाही. त्याच्या घरी जाऊन यावं. शक्य असेल तर बायकोशी बोलावं, आणि बोलताना नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा नसावा. तो ज्यांना पगार देतो त्यांतल्या एकाशी बोलावं. मग समोर बसून सरळ विचारावं, ‘‘कधी अटक, खटला, शिक्षा, काही झालंय का? असलं तर आज सांगा.’’

हा प्रश्न अर्जातही असतो. इंग्लंडच्या ग्रँड लॉजच्या फॉर्मवर तो स्वच्छ छापलेला आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं ग्रँड लॉज वेगळं आणि नियमही वेगळे. काही ठिकाणी मोठ्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला दारच बंद, काही ठिकाणी निर्णय लॉजवर सोडतात. म्हणून इंटरनेटवर अमेरिकन मेसनांची उत्तरं वाचून इथं सही करू नये. आपल्या लॉजच्या सेक्रेटरीला विचारावं, त्यानं वर विचारावं.

कागद कसे तपासायचे तेही सांगतो. कर्नाटकात पोलिसांचा दाखला सेवा सिंधू या सरकारी पोर्टलवरून मिळतो. ई-कोर्ट्सच्या साइटवर पक्षकाराचं नाव टाकून खटला शोधता येतो, पण नुसतं ‘पाटील’ टाकलंत तर अख्खा तालुका समोर येईल. शिवाय जुने, कागदी जमान्यातले निकाल तिथं सापडतीलच असं नाही. खरा कागद म्हणजे कोर्टाच्या शिक्क्याची सर्टिफाइड कॉपी. आणि ती नुसती बाळगून उपयोग नाही, वाचावी लागते. हे मी का म्हणतोय ते पुढं कळेल.

दोन रकाने

आता तो अर्ज. माणूस पन्नाशीचा, उद्यमबागमध्ये छोटं मशीनशॉप, चौदा कामगार. ‘आपणास कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवले आहे काय’ या अर्थाच्या रकान्यात त्यानं ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: सीमाप्रश्नाच्या मोर्चात अटक, आठ दिवस हिंडलगा, नंतर निर्दोष. मित्राची काळजी एवढीच होती की आमच्यात राजकारण वर्ज्य, हा आंदोलनातला, चालेल का?

मी म्हटलं, हे लिहायचीसुद्धा गरज नव्हती. प्रश्न दोषी ठरल्याचा आहे, हा निर्दोष सुटला. लॉजमध्ये राजकारण बोलायचं नसतं, याचा अर्थ सभासदाला बाहेर मत नसावं असा नाही. आमचा चहा झाला, मित्र खुशीत गेला.

दुसऱ्या संध्याकाळी आला तो तोंड पाडून. घरी वहिनींना नाव सांगितल्यावर त्या म्हणाल्या होत्या, ‘‘म्हणजे तो पतसंस्थेतला तोच काय?’’

वीसेक वर्षांपूर्वी हा माणूस एका पतसंस्थेत क्लार्क होता. बहिणीच्या लग्नात खोट्या व्हाउचरवर पैसे उचलले, ऑडिटमध्ये सापडला. ज्या गोष्टीवर गल्ली टाळ्या वाजवते ती त्यानं अर्जात लिहिली. ज्या गोष्टीवर गल्ली गप्प बसते तिच्याविषयी अक्षर नाही.

तिसऱ्या संध्याकाळी त्याला बोलावलं. मित्र काही बोलेना, म्हणून मीच विचारलं. तो चिडला नाही. म्हणाला, ‘‘वकीलसाहेब, पैसे व्याजासकट भरले की. जज्जसाहेबांनी सोडून दिलं. शिक्षा कुठं झाली मला?’’ कागद आहे का म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी एका साडीच्या दुकानाची पिशवी घेऊन आला. आत कॅलेंडरच्या कागदात गुंडाळलेली सर्टिफाइड कॉपी, घड्यांवर फाटलेली, गोल शिक्का फिकट जांभळा. निकाल कन्नडमध्ये.

मी वाचायला लागलो. भारतीय दंडविधान कलम 408, नोकरानं केलेला विश्वासघात, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा. शेवटच्या परिच्छेदात आरोपीनं रक्कम भरली, पहिलाच गुन्हा, वय, घरची जबाबदारी, म्हणून 1958 च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर मुक्त. पण त्याच्या आधीच्या ओळीत तो ‘अपराधी’ ठरल्याचं लिहिलेलं होतं. मी त्या शब्दावर बोट ठेवलं. त्याला कन्नड वाचता येत नव्हतं. मराठी शाळेत शिकलेला, त्याच्या त्या वेळच्या वकिलानं ‘सुटलास, जा’ एवढंच सांगितलेलं. इतकी वर्षं तो कागद त्यानं देवघराच्या खालच्या कप्प्यात सुटकेचा दाखला म्हणून जपून ठेवला होता.

शब्द मराठीतही तोच आहे. मी वाचून दाखवल्यावर त्यानं एकदा स्वतःशी म्हटला आणि पिशवीची घडी घालत बसला.

आता कायदा काय म्हणतो? परिवीक्षा कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे असं सोडलेल्या माणसाला दोषी ठरल्यामुळे येणारी कायदेशीर अपात्रता लागत नाही. म्हणजे एखादा कायदा ‘शिक्षा झालेला माणूस अमुक पदाला अपात्र’ म्हणत असेल, तर ते दार त्याला बंद होत नाही. पण अपात्रता गेली म्हणजे दोष पुसला गेला असं नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलंय. तेव्हा ‘कधी दोषी ठरलात का’ या प्रश्नाचं खरं उत्तर ‘हो’ हेच आहे. पुढं काय झालं ते खाली लिहायला कुणी अडवलेलं नाही.

त्यानं लपवलं की त्याला कळलंच नव्हतं? मला त्याचं म्हणणं पटलं. मित्राला अर्धंच पटलं. त्याचा मुद्दाही खोटा नव्हता: कायद्याचा शब्द कळला नसेल, पण आपण पैसे उचलले होते हे तर माहीत होतं ना, मग ओठावर का आलं नाही? मी म्हटलं, तुझ्याही ओठावर अशा किती गोष्टी येत नाहीत. यावर तो थोडा वेळ माझ्याशी बोलला नाही.

पांढरी गोळी, काळी गोळी

सुचवणाऱ्याचं समाधान झालं तरी शेवटचा शब्द लॉजचा. नाव बैठकीत वाचतात, मग पुढच्या बैठकीत गुप्त मतदान. पेटी फिरते, प्रत्येकजण हात आत घालून पांढरी किंवा काळी गोळी टाकतो, कुणी कुठली टाकली ते शेजाऱ्यालाही कळत नाही. इंग्लंडच्या नियमांत तीन काळ्या गोळ्या आल्या की अर्ज फेटाळला जातो, आणि एखादं लॉज आपल्या पोटनियमांत दोनच काय, एकही काळी गोळी पुरेशी ठरवू शकतं. कारण द्यावं लागत नाही.

ही पद्धत शहाणपणाची की घातक, ते पेटीत हात घालणाऱ्यावर ठरतं. इतिहासात दोन्ही दिसतं. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त या हिंदू गृहस्थांना लॉजचं दार उघडायला वर्षानुवर्षं झगडावं लागलं, 1872 साली ते आत गेले. त्यांच्यावर कसलाही गुन्हा नव्हता, इंग्रज मेसनांना हिंदू नको होता. उलट इटलीत ‘पी-टू’ नावाच्या लॉजचा प्रमुख लिचो जेल्ली याच्या कारखान्याच्या कचेरीत 1981 साली पोलिसांना 962 नावांची यादी मिळाली. मंत्री, सेनाधिकारी, बँकवाले, पत्रकार सगळे त्यात, आणि सरकार कोसळलं. तिथं नावं निवडताना कुणी ओळंबा लावला नव्हता. जेल्लीला पुढं मेसनांनी हाकललं, पण बदनामी जगभरच्या लॉजना चिकटली ती चिकटलीच. बरेच लोक अजून म्हणतात की मेसन एकमेकांची पापं झाकतात. मित्र यावर तावातावानं सांगतो की भावाचं गुपित राखण्याच्या त्यांच्या शपथेतून खून, देशद्रोह आणि इतर गुन्हे मुद्दाम वगळलेले आहेत. खरं आहे ते, पण जेल्लीचं नाव निघालं की त्याचा आवाज थोडा खाली येतो.

तेव्हा जुना डाग असलेला अर्ज आला तर माझ्या मते क्रम असा हवा. सुचवणाऱ्यानं नाव वाचलं जाण्याआधीच लॉजच्या मास्टरना, म्हणजे प्रमुखांना, आणि सेक्रेटरीला कागद दाखवावा. चौकशीला नेमलेल्या दोघा-तिघांनी माणसाला भेटावं. बाकी सभासदांना एवढं कळावं की जुनी बाब आहे, ती अर्जदारानं स्वतः सांगितली आहे आणि तपासली आहे. ज्याला जास्त हवं त्यानं मास्टरना विचारावं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर निकालाचा फोटो टाकू नये. निर्दोष सुटलेल्याला ‘गुन्हेगार’ म्हणणारा मेसेज फिरला, तर बदनामीचा खटला लॉजवाल्यांवरच येईल. नव्या न्याय संहितेत त्याचं कलम 356. आणि ज्याचा अर्जदाराशी बांधाचा, भाऊबंदकीचा किंवा धंद्यातला वाद आहे, त्यानं तो आधी मास्टरच्या कानावर घालावा. पेटीत हात घालून जुना हिशेब चुकता करणं सोपं असतं, आमच्याकडं तर फारच.

फेटाळलं तर माणसाला तेवढंच सांगावं की नाही जमलं. बाहेर कारणं शोधत बसू नये. खटला अजून चालू असेल तर मात्र मी स्पष्ट सांगतो, थांबा. निकाल लागू दे. जामिनावर असलेला माणूस दोषी नसतो, पण पुढच्या तारखेला काय होईल ते त्याच्याही हातात नसतं, आणि लॉजनं कोर्टाच्या आधी निकाल देऊ नये. आरोप असताना आत घेतलं तर गाव म्हणतं झाकलं, नाकारलं तर म्हणतं यांनीच दोषी ठरवलं.

त्या माणसानं नवा अर्ज भरला. रकाना दोन ओळींचा, त्यात मावेना, म्हणून वेगळा कागद जोडला. मोर्च्याची केस त्यानं या वेळी लिहिलीच नाही. पतसंस्थेचं सगळं लिहिलं, रक्कम आणि पैसे भरल्याची तारीख धरून. मित्रानं अजून सही केली नव्हती, आधी मास्टरना भेटून येतो म्हणाला.

जाताना अर्जदार माझ्या टेबलापाशी रेंगाळला. निकालाचं मराठीत भाषांतर करून मिळेल काय, विचारलं. मी म्हटलं, लॉजला लागेल तर मूळ कॉपी पुरते. तो म्हणाला, लॉजसाठी नको, घरात असू दे, पोरगा आता कामाला यायला लागलाय. भाषांतर मी त्या रविवारी बसून केलं. साडेतीन पानं झाली.